कोठीच्या दारातला पंजा

बॉस्टन
३० ऑक्टोबर १९६७

प्रिय आजी,

फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून पत्र. एकटी असताना वाच.

इथल्या संग्रहालयात मी जुन्या फर्निचरच्या विभागात आहे हे तुला माहीत आहेच. आमच्याकडे तीन पायांचं चहाचं एक टेबल आहे. वरची गोल फळी उभी करून भिंतीशी लावता येते. पायांच्या टोकांना पक्ष्याचे पंजे कोरलेले, प्रत्येक पंज्यात एक गोळा धरलेला. महॉगनी लाकडाचं, स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी फिलाडेल्फियात झालेलं, असं चौतीस वर्षं त्याच्या पाटीवर लिहिलेलं आहे. संग्रहालयानं ते १९३३ साली लूथर पॉमरॉय नावाच्या व्यापाऱ्याकडून घेतलं.

पॉमरॉय मेला, आणि या उन्हाळ्यात त्याच्या गोदामात अर्धवट केलेलं 'जुनं' सामान सापडलं. वर्तमानपत्रांत फार आलं त्याबद्दल. आता त्याच्याकडून घेतलेली प्रत्येक वस्तू आम्ही तपासतो आहोत. गेल्या मंगळवारी ते टेबल उलटं केलं. तिन्ही पाय मधल्या खांबाला जिथे मिळतात तिथे एक लोखंडी पट्टी असते, ती काढली. आत पेन्सिलनं लिहिलं होतं : 'ई. ट्रास्क, टॅमरॅक हिल, फेब्रुवारी १९३२.'

आजोबांचं अक्षर मी ओळखते. पण माझं आडनाव एमन्स, त्यामुळे माझे साहेब श्री. प्रॅट मला विचारत होते, "हा ट्रास्क कोण असावा, मिस एमन्स?" मी म्हटलं, बघून सांगते.

तर तूच सांग. आजोबा पॉमरॉयचं काम करायचे का? कसलं काम? ते नवीन टेबलं करायचे का? सही कुठे करायचे? त्या १९३२ च्या हिवाळ्यात पॉमरॉयनं काय आणलं आणि काय नेलं? वेंडेलमामाला यातलं काही माहीत आहे का?

तुझी,
लोइस

*

टॅमरॅक हिल, न्यू हॅम्पशायर
४ नोव्हेंबर

लोइस,

पत्र पोचलं. टपालवाला अर्विन पाकीट उन्हाकडे धरून बघत होता. म्हटलं, आत फोटो नाहीत, दे इकडे. फोन केला नाहीस ते बरं केलंस. आमच्या फोनच्या एकाच लाइनवर सहा घरं आहेत, आणि शेजारच्या हॅटी बाल्चनं रिसीव्हर उचलला की तिच्या घरचं घड्याळ आपल्याला ऐकू येतं.

कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहू नकोस. मागची शाई पुढे उतरते आणि मी सहा इयत्ता शिकलेली बाई, मला एका वेळी एकच बाजू वाचता येते.

पॉमरॉयचं काम तुझा आजोबा करायचा. मोडलेलं सांधायचा. निम्म्या राज्याचं मोडलेलं सामान आमच्या दुकानात येऊन गेलं. बुडाला उंदरांनी कुरतडलेले खण, लोकांनी चढून बल्ब बदललेल्या खुर्च्या. नवीन टेबलंही करायचा, पण नवीन म्हणूनच विकायचा, पाद्र्याच्या घरी अजून एक आहे. सही जिथे दुरुस्ती करील तिथे करायचा. चोर आपलं नाव आणि गाव लिहून ठेवत नाही, एवढं तुझ्या त्या प्रॅटला कळत नसेल तर त्याला पगार कशाचा देतात ते मला समजत नाही.

वरची फळी मोजलीत का? दोरी घे. एकदा लाकडाच्या रेषांच्या दिशेनं मोज, एकदा आडवी. लाकूड लांबीला तसंच राहतं, रुंदीला आक्रसतं. दोनशे वर्षांची गोल फळी गोल राहत नाही. दिसते गोल, असते अंड्यासारखी. आजोबा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता वितीनं मोजायचा आणि गिऱ्हाइकाला वाटायचं टेबलावरून हात फिरवतोय.

वेंडेलला काही माहीत नाही. त्याला त्याची बायको कुठे गेली तेही माहीत नसतं.

तुझ्या आईला ओहायोला कळवू नकोस. ती फोन करील.

आजी
ओरिला ट्रास्क

*

बॉस्टन
१३ नोव्हेंबर

प्रिय आजी,

एकाच बाजूला लिहिते आहे.

मोजली. रेषांच्या दिशेनं बत्तीस इंच. आडवी मोजली तर पाव इंचाहून जास्त कमी भरली. मी धावत जाऊन प्रॅटसाहेबांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "फळी जुनी असेलच. जुनी फळी मिळवायची आणि खाली नवे पाय बसवायचे, पॉमरॉयचा धंदाच तो होता."

सहीबद्दलही बोलले. "जी सही कुणाला दिसू नये म्हणून पट्टीखाली केलेली आहे, ती चोराची नाही हे खरं. ती गर्विष्ठ कारागिराची आहे. आपण काय केलंय ते त्याला कुणाला तरी सांगायचं होतं."

आणि मोठा मुद्दा पंज्यांचा. तीन दिवस ते भिंगातून बघताहेत. तिन्ही पंजे एकाच हाताचे आहेत, असं त्यांचं मत. त्यांतला एक जरी निराळा निघाला असता तरी त्यांनी दुरुस्ती मानली असती. पण निराळा निघत नाही. मग तिन्ही जुने, नाहीतर तिन्ही आजोबांचे. आणि खाली तर आजोबांचं नाव आहे.

पंधरा जानेवारीला विश्वस्तांची बैठक आहे. त्या दिवशी खोट्या वस्तूंची यादी नक्की होईल आणि वर्तमानपत्रांकडे जाईल. वस्तूच्या पुढे ती करणाऱ्याचं नाव. 'ट्रास्क, टॅमरॅक हिल.' वेंडेलमामाच्या दुकानावर अजून 'ई. ट्रास्क आणि मुलगा' अशीच पाटी आहे ना?

आजी, मी सहा प्रश्न विचारले होते. तू पाचांची उत्तरं दिलीस. त्या हिवाळ्याचं राहिलं.

तुझी,
लोइस

*

टॅमरॅक हिल
१८ नोव्हेंबर

लोइस,

त्या हिवाळ्याचं मला आठवत नाही. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. परवा चष्मा बेकिंग पावडरच्या डब्यात सापडला.

घरात त्या टेबलाचं काही नाही. शोधायला येऊ नकोस. थँक्सगिव्हिंगला येशील ती जेवायला ये.

वेंडेलला चर्चच्या सगळ्या बाकांचं काम मिळतंय. पाटी काढायला लावू नकोस आणि त्याला काही सांगूही नकोस.

कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं. आता टेबलाबद्दल लिहू नकोस.

ओरिला ट्रास्क

*

बॉस्टन
६ डिसेंबर

प्रिय आजी,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते आहे. थँक्सगिव्हिंगला तुझ्यासमोर बसून एक शब्द बोलता आला नाही. मामा टर्की कापत होता आणि चर्चच्या बाकांबद्दल सांगत होता. त्याचा एवढा आनंदी चेहरा मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

एक विचारू? घरात काही आहे का, असं मी तुला कुठल्याच पत्रात विचारलं नव्हतं. तूच आपणहून लिहिलंस की नाही म्हणून.

दुसरं. कोठीचं दार उघडं राहावं म्हणून त्याला या वेळी जुनी लोखंडी इस्त्री लावलेली होती. मी लहान असताना तिथे लाकडाचं एक काळं बोजड काहीतरी असायचं. मी त्याला अस्वल म्हणायचे. तू पीठ लाटत असायचीस आणि मी जमिनीवर बसून त्याच्या बोटांमध्ये बोटं घालायचे. चार बोटं होती त्याला, त्यातलं एक तुटकं. आणि बोटांत एक चेंडू होता.

अस्वल कुठे गेलं, आजी?

मी रोज तीन पंजे बघते, त्यामुळे स्वप्नातही तेच येतात. पण हे मला स्वप्नात दिसलेलं नाही. हे माझ्या बोटांना आठवलं.

सोमवारी मी प्रॅटसाहेबांना सांगितलं की ट्रास्क माझे आजोबा. त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "सहा आठवडे तुम्ही त्या सहीकडे बघत होतात." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मग बैठकीपर्यंत तुम्ही त्या टेबलाला हात लावू नका." नोकरीवरून काढलं नाही. अजून नाही.

आजोबांनी ते केलं असेल तर केलं असेल. मला फक्त खरं काय ते कळू दे. अर्धवट माहिती घेऊन मी त्या खोलीत रोज जाऊ शकत नाही.

लोइस

*

टॅमरॅक हिल
१२ डिसेंबर

लोइस,

बसून वाच.

१९३२ च्या जानेवारीत पॉमरॉय ट्रक घेऊन आला. गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी उतरवलं. मला दिसलं नाही. त्याच आठवड्यात तुझ्या आजोबानं, एबेननं, कुठल्यातरी मोडक्या पलंगाचे महॉगनीचे खांब आणले. जुन्या लाकडात नवं काम कशासाठी करतात ते फर्निचरवाल्याच्या बायकोला शिकवावं लागत नाही. मग त्यानं दुकानाला आतून कडी घालायला सुरुवात केली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्या दाराला कडी आहे हेसुद्धा मला तोवर माहीत नव्हतं.

दुकानातलं टाकाऊ लाकूड सरपणाच्या पेटीत यायचं, चुलीत मी घालायची. त्या फेब्रुवारीत पेटीत पंजे यायला लागले. महॉगनीचे, गोळा धरलेले. आधी एक. मग दोन. मी मोजले. अकरा झाले. टेबलाला पाय तीन. अकरा म्हणजे तीन टेबलं होऊन वर दोन पंजे उरतात. मी चुलीपुढे उभी राहून हा हिशेब केला.

मी ते जाळले. सगळे. कुणी पाहिलं असतं तर, म्हणून.

त्या अकरांशिवाय आणखी एक आला, तो मात्र निराळा होता. इतर नवे लालसर, हा काळपट, घासलेला, एक बोट तुटलेलं, वरून तिरका कापलेला. मी म्हटलं, वा, याला तर जुना दिसावा म्हणून रंगवलाय, बोटसुद्धा मोडलंय. इतकं बेमालूम काम मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि मला त्याचा इतका राग आला की मी तो चुलीत घातला नाही. कोठीच्या दाराला लावला. एबेनला रोज दिसेल असा. दिसू दे, म्हटलं. त्याला तो दिसला. जाता-येता त्याकडे बघायचा आणि ओलांडून जायचा. एक शब्द बोलला नाही. मीही नाही.

त्या आधी मी रोज दहा वाजता त्याची कॉफी दुकानात नेऊन द्यायची. ती बंद केली. का म्हणून त्यानं विचारलं नाही. मला वाटलं, कारण ठाऊक आहे म्हणूनच विचारत नाही. तो मेला त्याला नऊ वर्षं झाली. सव्वीस वर्षं तो स्वयंपाकघरात येऊन उभ्या उभ्या कॉफी पीत होता.

तू जे म्हणतेस त्या अस्वलाला मी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या सकाळी चुलीत घातलं. हट्टी लाकूड आहे. धुमसत राहिलं, पेटेना. चुलीच्या भट्टीत भोपळ्याची पाई भाजायला ठेवली होती, तिला महॉगनीचा वास लागला असता, म्हणून चिमट्यानं बाहेर काढलं. एवढंच कारण.

या पत्रासोबत पार्सल येतंय. अर्विनला सांगितलंय की आत पुडिंग आहे. एक बोट जळालंय, ते माझं काम. बाकीचं कुणाचं ते तू बघ. खोटं निघालं तर खोटं लिही. नाव वर्तमानपत्रात येतं तर येऊ दे. वेंडेलला मी सांगीन. छत्तीस वर्षं मीच गप्प बसले, आता तुला गप्प बसायला लावणार नाही.

ओरिला ट्रास्क

*

बॉस्टन
२० डिसेंबर

प्रिय आजी,

पुडिंग मिळालं.

प्रॅटसाहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं. अकरापर्यंत आले तेव्हा ते उठून उभे राहिले.

त्यांनी पंजा उलटा केला, खालून बघितलं. मग म्हणाले, "मिस एमन्स, याला कुणी रंगवलेलं नाही. हा खरोखरच झिजलेला आहे." मग म्हणाले, "हा जाळला कुणी?" मी म्हटलं, आजीनं. ते म्हणाले, "आजींना माझा नमस्कार कळवा आणि पुन्हा जाळू नका म्हणावं."

आम्ही दोघं टेबलाकडे गेलो. मला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून मी दिवा धरला. तो पंजा वरून जसा तिरका कापलेला आहे, तशी एक बारीक रेघ टेबलाच्या एका पायावर आहे. पंज्याच्या दोन इंच वर, पायाचा फुगवटा संपतो तिथे. आम्ही ती इतके दिवस लाकडाचीच रेघ समजत होतो. दोन पायांवर नाही. एकावरच आहे.

प्रॅट म्हणतात, तिथे सांधा असेल तर एकच पंजा नवा आणि हा जुना त्याचा. पण नुसत्या रेघेवर विश्वस्त विश्वास ठेवणार नाहीत. सांधा उघडावा लागेल. दोनशे वर्षांचं टेबल असेल तर ते उघडायला कुणी धजत नाही, आणि खोटं असेल तर उघडायची गरज नाही, असा गोंधळ आहे. त्यांनी अकरा जानेवारीचा दिवस ठरवलाय. नुकसान झालं तर जबाबदारी त्यांची, असं लिहून दिलंय.

आजोबा असा सांधा कसा जोडायचे? उघडायचा कसा?

लोइस

*

टॅमरॅक हिल
२८ डिसेंबर

लोइस,

सांधा तिरका करायचा, म्हणजे चिकटायला जागा जास्त मिळते. आत सरस. कातड्याचा, डब्यात मंद पाण्यावर शिजवलेला, घरभर वास येणारा. दुसरं काही तो हातात धरायचा नाही. बाटलीतल्या गोंदाला तो दुकानदाराची थुंकी म्हणायचा. सरसाचं एक बरं असतं, तो पुन्हा सुटतो. एबेन म्हणायचा, पुढच्याला आपलं काम उलगडता आलं पाहिजे.

पटाशी लावू नका. पटाशी घेऊन कुणी पुढे आला तर त्याच्या हातावर मार. फडकं गरम पाण्यात बुडवून पिळायचं, रेघेवर गुंडाळायचं, गार झालं की दुसरं. घाई नाही. अर्धा दिवस लागेल. मग सरस मऊ होतो आणि करकर आवाज येतो, दाताखाली सफरचंद आल्यासारखा. तेव्हा दोन्ही हातांनी तिरक्याच्या दिशेनं सरकवायचं, वर उचलायचं नाही.

तुझ्या त्या प्रॅटला सांग, जबाबदारी लिहून देणारा माणूस मला आवडला. चष्मा सारखा पुसत असला तरी.

वेंडेलला सांगितलं. रविवारी, बीन्स वाढता वाढता. तो जेवायचा थांबला. मग म्हणाला, "आई, बाबांना अकरा पंजे विकायचे असते तर ते सरपणाच्या पेटीत कशाला आले असते?"

मी पळी खाली ठेवली. छत्तीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटलेलं, बिघडलेले टाकलेत आणि चांगले पॉमरॉयनं नेलेत. म्हणजे खोटी टेबलं आणखीच जास्त.

"मग काय वाटतं तुला?" मी विचारलं.

"मला वाटतं बीन्स गार होतायत," तो म्हणाला.

मी वाट बघते आहे. झालं की फोन कर. हॅटी बाल्च ऐकते तर ऐकू दे.

ओरिला ट्रास्क

*

बॉस्टन
१२ जानेवारी १९६८

प्रिय आजी,

काल फोनवर मला नीट बोलता आलं नाही. मध्येच हॅटी बाल्च "देवा रे, एबेननं लिहिलं होतं?" असं म्हणाली आणि तू तिला फोन खाली ठेवायला सांगितलंस, त्यात निम्मं राहून गेलं. म्हणून सगळं लिहून पाठवते.

सकाळी नऊला फडकी सुरू केली. प्रॅटनी बाह्या वर केल्या होत्या. पटाशी घेऊन आमचा दुरुस्तीवाला आला होता, त्याला मी तुझं पत्र वाचून दाखवलं, त्यानं पटाशी खिशात ठेवली. सव्वाएकला तो आवाज आला. सफरचंदाचा. प्रॅट माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही करा, मिस एमन्स." मी म्हटलं, मला हात लावायला बंदी आहे. ते म्हणाले, "होती."

मी सरकवला. पंजा हातात आला.

आधी तुझ्या अस्वलाचं. ते आम्ही त्या पायाला लावून बघितलं. लाकडाच्या रेषा एकातून दुसऱ्यात गेल्या, मध्ये फक्त करवतीच्या पात्याएवढं अंतर. तोच पाय, तेच झाड. दुरुस्तीवाल्यानं टोपी काढली.

आणि आता आतलं. सांध्याच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी उघडल्याशिवाय कधीच दिसणार नाही तिथे, पेन्सिलनं लिहिलेलं आहे. सरसाखाली राहून पिवळं पडलंय, पण वाचता येतं. जसंच्या तसं लिहिते :

'हा एक पंजा माझा. बाकी सगळं माझ्याहून चांगल्या माणसाचं. अकरा फसले, हा बारावा. उघडणाऱ्या भल्या माणसा, तू आमच्याच धंद्यातला असणार. जुना बायकोनं दाराला लावलाय, हवा असेल तर तिला विचार. ई. ट्रास्क.'

प्रॅटनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि या वेळी पुसला नाही. म्हणाले, "तिन्ही पंजे एकाच हाताचे, असं मी लेखी दिलं होतं. मला वाटतं, तुमच्या आजोबांना यापेक्षा मोठी शाबासकी कुणी दिली नसेल, आणि ती द्यायला मी छत्तीस वर्षं उशीर केला."

यादीत टेबल नाही. पाटी बदलते आहे. 'एक पंजा दुरुस्त, एबेन ट्रास्क, टॅमरॅक हिल, १९३२.' वर्तमानपत्रात नाव आलंच तर असं येईल.

आजी, त्यांनी कडी का घालून घेतली असेल ते आता मला कळतं. गावातला सगळ्यात चांगला कारागीर, आणि एक पंजा अकरा वेळा बिघडला. ते कुणाला दाखवायचं?

प्रॅट विचारतात, जुना पंजा इथेच ठेवू का, काचेखाली, टेबलाशेजारी. तुझा आहे. तू म्हणशील तसं.

तुझी,
लोइस

*

टॅमरॅक हिल
३ फेब्रुवारी

लोइस,

ठेवा काचेखाली. जळकं बोट पुढे करून ठेवा, मागे लपवू नका. कुणी विचारलं तर सांगायचं की बायकोनं जाळलं, तिला हिशेब येत होता पण समजत नव्हता.

उत्तर द्यायला उशीर झाला कारण मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं असं नाही. मला फ्लू झाला होता.

'जुना बायकोनं दाराला लावलाय.' म्हणजे त्याला वाटलं, मला तो आवडला म्हणून मी तो जपून ठेवला. त्याला काय वाटत होतं आणि मला काय वाटत होतं. एका घरात दोन माणसं एकाच पंज्याला ओलांडत होती. बरं झालं तो विचारायला आला नाही, मी त्याला काहीतरी भलतं सांगितलं असतं, आणि वाईट झालं की तो विचारायला आला नाही. दोन्ही खरं आहे. यापलीकडे मला काही लिहायचं नाही. बर्फ वितळलं की स्मशानात जाऊन काय ते त्यालाच सुनावीन. अकरा फसले तर फसले. माझा पहिला ब्रेड डुकरानंसुद्धा खाल्ला नव्हता, आणि तो मी साऱ्या गावाला दाखवला होता.

एक सांगते. बैठक झाली त्या रात्री मी नऊ तास झोपले. मध्ये एकदाही उठले नाही. सकाळी कोंबड्या ओरडायला लागल्या तेव्हा मला क्षणभर कळेना की काय चुकल्यासारखं वाटतंय. मग कळलं. काही चुकलेलं नव्हतं.

कोठीचं दार मात्र वाजतं. इस्त्री घसरते. वेंडेलनं पाइनचा ठोकळा करून दिला, तो फुटाण्यासारखा हलका, दारानं त्यालाच ढकललं. मी म्हटलं, जड लाकडाचं काही कर. तू पंज्याचे फोटो पाठवलेस ते घेऊन तो दुकानात गेला. दोन आठवडे झाले. काही बोलत नाही. चर्चच्या बाकांचं काम दुपारनंतर करतो आणि सकाळभर कोपऱ्यातल्या बाकड्याशी दाराकडे पाठ करून बसतो.

काल दहा वाजता मी कॉफी केली आणि दुकानात घेऊन गेले. पायऱ्यांवर बर्फ होतं, कठड्याला धरून गेले. दार ढकललं तर ढकललं गेलं नाही.

"कोण?" आतून.

"तुझी आई. कडी काढ. कॉफी गार होते."

कडी निघाली. त्यानं काहीतरी एप्रनखाली लपवलं. पंचेचाळीस वर्षांचा घोडा.

"दाखव," मी म्हटलं.

"अजून झालं नाही."

"दाखव म्हटलं ना."

त्यानं काढला. तीन बोटं ठीक होती. चौथं बोट बदकाचं होतं.

"कितवा?" मी विचारलं.

"चौथा," तो खाली बघत म्हणाला.

मी कॉफी त्याच्या बाकड्यावर ठेवली आणि तो पंजा एप्रनच्या खिशात टाकला. चुलीला सरपण लागतंच.

"तुझ्या बापाचे अकरा गेले," मी म्हटलं. "तुझे अजून सात शिल्लक आहेत. आणि त्या कडीचं काम नाही, काढून टाक ती. उद्या दहाला मी परत येणार आहे."

आजी
ओरिला ट्रास्क